हेलियमला ‘इयम’ कुणी लावलं? मूलद्रव्यांची नावं आणि त्यांच्या जागा

तपकीर (धागालेखक)

आवर्तसारणीचा उजव्या टोकाचा उभा रकाना वरून खाली वाचा. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. सगळ्यांच्या शेवटी ‘ऑन’ आणि एकट्या हेलियमच्या शेवटी ‘इयम’. हे ‘इयम’ धातूंचं शेपूट. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. मग फुग्यात भरायचा वायू धातूंच्या पंगतीत जाऊन कसा बसला?

कारण नाव ठेवलं तेव्हा ही चीज कुणाच्या हाती लागलेलीच नव्हती. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रान्सचा जान्सेन त्यासाठी गुंटूरला येऊन बसला होता. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तर त्यात एक ठळक पिवळी रेषा. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली, आणि त्यात नवल नाही. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर पडतात, ही ५८७.६ वर. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांच्या धांदलीत एवढा फरक कोण मोजत बसणार?

तो मोजला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने, २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना. सोडियमच्या रेषांना डी-१ आणि डी-२ म्हणत, म्हणून हिला डी-३ म्हटलं. फ्रँकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला घेऊन त्याने हायड्रोजन निरनिराळ्या दाबांखाली तपासला, पण ती रेषा काही उमटेना. १८७१ पर्यंत ‘हेलियम’ हे नाव चारचौघांत आलं होतं. ग्रीक हेलिओस म्हणजे सूर्य, आणि हा धातूच असणार या समजुतीने पुढे ‘इयम’. रॅम्झीला हा वायू पृथ्वीवर सापडला तो १८९५ मध्ये, क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल ओतल्यावर. तो खरं तर आर्गॉन शोधत होता. गंमत म्हणजे त्याच्या काही वर्षं आधी अमेरिकेत हिलेब्रँडने अशाच खनिजातून हाच वायू काढला होता आणि नायट्रोजन समजून सोडून दिला होता.

तर माझं म्हणणं असं, की आवर्तसारणीत जागा दुरुस्त होते, नाव होत नाही. १८६९ च्या मेंडेलीफच्या तक्त्यात हेलियमच काय, तो अख्खा रकानाच नव्हता. आर्गॉन सापडल्यावर मेंडेलीफ सुरुवातीला म्हणत होता की हे नायट्रोजनचेच तीन अणू एकत्र आलेले असावेत. पुढे मुकाट्याने नवा रकाना जोडला गेला. ऑक्सिजनचंही तेच. लाव्हाझियेला वाटलं की आम्लपणा याच्यामुळे येतो, म्हणून ‘आम्ल घडवणारा’ असं नाव दिलं. मिठाच्या आम्लात ऑक्सिजन औषधालाही नाही हे डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवून दिलं. नाव हललं नाही.

याउलट टेल्युरियम आणि आयोडीन बघा. अणुवस्तुमानाने लावायचं तर आयोडीन आधी यायला हवं, कारण टेल्युरियम १२७.६ आणि आयोडीन १२६.९. मेंडेलीफने सरळ उलटं लावलं. आयोडीनचे सगळे गुण क्लोरीन-ब्रोमीनचे, तेव्हा ते त्यांच्याखालीच बसेल आणि टेल्युरियमचं वजन कुणीतरी चुकीचं मोजलं असेल, असं त्याचं म्हणणं. वजन चुकलेलं नव्हतं, पण जागा बरोबर होती. खरं कारण १९१३ मध्ये मोझलीने दिलं. क्ष-किरणांच्या कंप्रतेवरून त्याने मूलद्रव्यांचे क्रमांक काढले, आणि त्या हिशोबाने टेल्युरियम ५२ आणि आयोडीन ५३ ठरलं. वजन हा निकषच नव्हता. दोन वर्षांत तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, अवघा २७ वर्षांचा.

अशी आणखी उदाहरणं माहीत असतील तर टाका. विरोधातली असतील तर आधी टाका.

उगाचच

वाचतोय. गॅलियम राहिलं की! शोधणारा लकॉक द ब्वाबोद्राँ. फ्रेंचमध्ये लकॉक म्हणजे कोंबडा आणि लॅटिनमध्ये कोंबडा म्हणजे गॅलस. साहेब म्हणाले, छे छे, मी गॉल म्हणजे फ्रान्सच्या नावावरून ठेवलंय. बरं.

तपकीर

कोंबड्यापेक्षा त्याच्या घनतेची कथा भारी आहे. १८७५ ला त्याला गॅलियम सापडलं आणि त्याने घनता मोजली ४.७. पीटर्सबर्गहून मेंडेलीफचं म्हणणं आलं, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास हवी. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलेला नाही तो ज्याच्या हातात धातू आहे त्याला हे सांगतोय! नमुना आणखी शुद्ध करून मोजल्यावर ५.९ आली.

गावठी गणिती

मेंडेलीफ निघालाच आहे तर ‘एका’बद्दल लिहितो, कारण यावरून दर सहा महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरतो. त्याने रिकाम्या जागांना तात्पुरती नावं दिली ती संस्कृत अंकांवरून. एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. म्हणजे बोरॉनच्या, ॲल्युमिनियमच्या, सिलिकॉनच्या रकान्यातली पुढची जागा. मँगनीजच्या खाली दोन घरं रिकामी होती, म्हणून एका-मँगनीज आणि द्वि-मँगनीज. इथपर्यंत सगळं छापील आहे. पाणिनीची सूत्ररचना पाहून त्याला तक्ता सुचला, हा पुढचा भाग मात्र अभ्यासकांचा तर्क आहे, मेंडेलीफची कबुली नव्हे.

ही नावं मला फार आवडतात, कारण त्यांत नाव आणि पत्ता एकच आहे. शोधणाऱ्याचा गाव नाही, देव नाही, रंग नाही. फक्त कुणाच्या खाली बसायचं ते. एका-सिलिकॉनचं भाकीत होतं अणुवस्तुमान ७२, घनता ५.५, आणि त्याचं क्लोराइड १०० अंशांच्या आत उकळेल. १८८६ मध्ये विंकलरने फ्रायबर्गजवळच्या खाणीतल्या खनिजातून जर्मेनियम काढलं. घनता सुमारे ५.४, क्लोराइड ८६ अंशांना उकळतं. विंकलरच्या मनात आधी ‘नेपच्युनियम’ होतं, कारण नेपच्यून ग्रहसुद्धा आधी कागदावर सापडला आणि मग दुर्बिणीत. पण ते नाव दुसऱ्याच एका दाव्यासाठी वापरलं गेलं होतं. तो दावा टिकला नाही. नेपच्युनियम आज आहे ते वेगळंच, ९३ क्रमांकाचं, युरेनियमच्या पुढचं.

मिश्रधातू

तपकीर, विरोधातलं मागितलंत म्हणून. नावं बदलतात, आणि बदलली तरी लोक जुनी सोडत नाहीत. ४१ क्रमांकाचं नायोबियम घ्या. १८०१ मध्ये हॅचेटने ते अमेरिकेहून आलेल्या खनिजात ओळखलं आणि नाव ठेवलं कोलंबियम. १८४४ मध्ये रोझने जर्मनीत त्याला नायोबियम म्हटलं. टँटॅलमसोबत सापडतं आणि त्याच्यापासून सुटता सुटत नाही, म्हणून ग्रीक कथेतल्या टँटॅलसची मुलगी नायोबी. अटलांटिकच्या दोन बाजूंना दोन नावं शंभर वर्षं चालली. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने नायोबियम पक्कं केलं.

पक्कं कागदावर. मी फाउंड्रीत आहे, भोसरीला. अमेरिकन मालाचं जुनं टेस्ट सर्टिफिकेट आलं की त्यात कार्बन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस असे रकाने असतात आणि मध्येच ‘सीबी’. नवीन पोरगा येऊन विचारतो, सर हे कुठलं मटेरियल, तक्त्यात तर नाही. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, ‘एनबी’ येतं, कागदावर ‘सीबी’, आणि क्वालिटीवाला सही करायला तयार नाही. कोलंबियम आणि नायोबियम दोन्ही एकच हे समजावण्यात चहाची सुट्टी जाते.

वाघोटण

धागा छान, पण विजयदुर्गाचा उल्लेखच नाही याचं वाईट वाटलं. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की हेलियम विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून सापडला. लॉकियर साहेबाने जिथे दुर्बिणी लावल्या ते ‘साहेबाचे ओटे’ अजून आहेत. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा करतात. गुंटूरचं नाव घेतलंत, आमचं का नाही?

तपकीर

वाघोटण, मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

१८६८ च्या खग्रास पट्ट्यात विजयदुर्ग येत होतं. त्याच पट्ट्यात जमखंडीला जॉन हर्शल होता आणि गुंटूरला टेनंट. पण त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हता, त्याचं निरीक्षण दोन महिन्यांनंतरचं आणि इंग्लंडमधलं. लॉकियर विजयदुर्गाला आला ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी. तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. मेल्पोमिनी नावाची ब्रिटिश युद्धनौका बंदरात होती आणि तिच्यावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना त्याने वेध घ्यायच्या कामाला लावलं होतं. कुणी घड्याळ मोजायचं, कुणी आकाशाचे रंग टिपायचे, कुणी प्रभामंडलाचं चित्र काढायचं. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्यावर त्याचा सविस्तर वृत्तांत छापलेला आहे. त्याच ग्रहणाला पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते.

तेव्हा ओटे लॉकियरच्या दुर्बिणींचे म्हणायचे तर ते १८९८ चे, असं माझं मत. तोवर हेलियम रॅम्झीच्या नळीत येऊन तीन वर्षं झाली होती. दोन ग्रहणं, एकच साहेब, आणि गावाच्या आठवणीत ती एकमेकांत मिसळली. तरी ज्याने नाव ठेवलं तो माणूस तुमच्या किल्ल्यावर उभा होता, हे काय कमी आहे?

वाघोटण

कमी नाही हो. पण गावात हे सांगायला मी जाणार नाही, तुम्हीच या १८ ऑगस्टला.

उगाचच

तपकीर, जाताना हेल्मेट घाला.

गावठी गणिती

ग्रहणावरून आठवलं. हेलियमची गोष्ट सांगताना तिची सावत्र बहीण कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, अमेरिकेतून दिसलेल्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात (कोरोनात) एक हिरवी रेषा दिसली, ५३०.३ नॅनोमीटरवर. प्रयोगशाळेतलं कुठलंच मूलद्रव्य ती देत नव्हतं. मग काय, तोच तर्क. नवं मूलद्रव्य, नाव ‘कोरोनियम’. शेपूटसुद्धा तेच. मेंडेलीफने तर त्याला हायड्रोजनपेक्षा हलकं ठरवून आपल्या तक्त्यात बसवायचा प्रयत्न केला. तेजोमेघांत आणखी एक हिरवी रेषा दिसली, तिचं झालं ‘नेब्युलियम’.

दोन्ही खोटी निघाली. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन, हे १९२७ मध्ये बोवेनने दाखवलं. कोरोनियम म्हणजे चक्क लोखंड. प्रभामंडल इतकं तापलेलं असतं की लोखंडाच्या अणूचे २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन उडालेले असतात. ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून ते १९४० च्या आसपास स्पष्ट झालं.

म्हणजे लॉकियरची पद्धत जी होती तीच कोरोनियमवाल्यांची. एक रेषा, एक नाव. त्याचं खरं निघालं, यांचं नाही. लोक सत्तावीस वर्षं हेलियमकडे संशयाने बघत होते ते उगीच नव्हे. आणि मोझलीनंतर कोरोनियमला जागाच उरली नाही. हायड्रोजन १, हेलियम २, मध्ये दीड क्रमांक नसतो.

साइतामाकर

जपानहून. नाव आणि जागा या विषयावर इथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मासाताका ओगावा लंडनला रॅम्झीकडे शिकायला होता. सिलोनहून आलेल्या थोरियानाइट खनिजात त्याला नवीन काहीतरी सापडलं आणि १९०८ मध्ये त्याने ते जाहीर केलं. नाव ‘निप्पोनियम’, जागा ४३, म्हणजे गावठी गणितींनी सांगितलेलं एका-मँगनीज. नंतर दुसऱ्या कुणालाच ४३ सापडेना. दावा बुडाला आणि नाव तक्त्यातून खोडलं गेलं.

बऱ्याच वर्षांनी जपानमध्ये त्याच्या जुन्या नोंदी आणि क्ष-किरणांची छायाचित्रं तपासली गेली. त्याच्याकडे नवीन मूलद्रव्य खरोखरच होतं! फक्त ते ४३ नव्हे, त्याच रकान्यातलं एक घर खालचं ७५ होतं. द्वि-मँगनीज. तेच जर्मन चमूला १९२५ मध्ये सापडलं आणि ऱ्हाइन नदीवरून त्याचं रेनियम झालं. ४३ तर निसर्गात जवळजवळ उरलेलंच नाही. ते १९३७ मध्ये पालेर्मोत सेग्रे आणि पेरियर यांनी ओळखलं, बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात.

एक घर चुकलं आणि नाव गेलं. आणि नियम असा, की एकदा वापरून बाद झालेलं नाव दुसऱ्या मूलद्रव्याला देत नाहीत. त्यामुळे रिकेन संस्थेच्या मोरिता यांच्या गटाला ११३ चा मान मिळाला तेव्हा ‘निप्पोनियम’ घेता येत नव्हतं. देशाचंच दुसरं नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ‘निहोनियम’ झालं. बिस्मथवर जस्ताचे अणू आदळवत राहायचे, ८३ आणि ३० मिळून ११३. वर्षानुवर्षं मारा करून हाती आले तीन अणू, २००४, २००५ आणि २०१२ मध्ये एकेक. वाको-शी स्टेशनपासून रिकेनकडे जाणाऱ्या रस्त्याला आता निहोनियमचं नाव आहे आणि फुटपाथवर मूलद्रव्यांच्या धातूच्या पाट्या ओळीने बसवल्यात. लोक पायाखाली न बघता ऑफिसला जातात. मी ४३ वर आलो की थोडा थबकतो.

फळा_खडू

साइतामाकर, हा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवणार. दहावीला शिकवते. न्यूलँड्सची अष्टकं, म्हणजे दर आठव्या मूलद्रव्याचे गुण पहिल्यासारखे, ‘सा रे ग म’ लावून सांगितली की मुलं खुश असतात. १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने ती मांडली तेव्हा एकाने विचारलं होतं, नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलंत का? हे सांगितलं की वर्ग हसतो. मग मी म्हणते, लावून बघा. क्लोरीन आणि क्रोमियम शेजारी येतात. मग हसू थांबतं आणि जागा म्हणजे काय ते कळतं.

‘इयम’मुळे मुलं सेलेनियम आणि टेल्युरियमला हमखास धातू लिहितात. दोष त्यांचा नाही. बर्झेलियसलाही सेलेनियम धातूसारखंच वाटलं होतं. टेल्युरियम पृथ्वीच्या नावाचं, म्हणून याला चंद्राचं.

केंद्रीय बोर्डाने दहावीतून हा धडाच काढलाय, अकरावीत ठेवलाय. दहावीनंतर सायन्स न घेणाऱ्या मुलाने आवर्तसारणी कधीच वाचायची नाही का? आपल्या राज्याच्या पुस्तकात आहे ते नशीब.

उगाचच

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सीबोर्गला म्हणे नुसत्या मूलद्रव्यांच्या नावांनी पत्र पोचलं असतं. सीबोर्गियम, लॉरेन्सियम, बर्केलियम, कॅलिफोर्नियम, अमेरिसियम. माणूस, प्रयोगशाळा, गाव, राज्य, देश. पिनकोड तेवढा राहिला.

मिश्रधातू

त्याच सीबोर्गवरून केवढं महाभारत झालं होतं! १०४ ते १०९ अमेरिका, रशिया आणि जर्मनीत वादात. १०४ ला रशियन कुर्चातोव्हियम म्हणायचे आणि अमेरिकन रुदरफोर्डियम. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने तोडगा काढला, त्यात रुदरफोर्डियम १०४ वरून उचलून १०६ वर ठेवलं आणि सीबोर्ग जिवंत आहे म्हणून त्याचं नाव कापलं. अमेरिकन खवळले. १९९७ मध्ये रुदरफोर्डियम परत १०४ वर, १०६ सीबोर्गियम, १०५ डब्नियम. ‘हानियम’ मधल्यामध्ये गेलं ते कायमचं, साइतामाकरांनी सांगितलेल्याच नियमाने. ओटो हान तक्त्यात नाही, त्याची सहकारी लिझ माइटनर १०९ वर आहे. नोबेल मात्र एकट्या हानला मिळालं होतं. ही एक अदलाबदल मला मनापासून पटते.

तपकीर, इथे तर नावंच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फिरली. तुमचा सिद्धांत जरा ढिला पडला की नाही?

तपकीर

नाही पडला. ही सगळी फिराफिर नाव रुळायच्या आधीची. एकदा बाटलीवर चिठ्ठी लागली की संपलं. फाउंड्रीतलं ‘सीबी’ तुम्हीच सांगितलंत, ते माझ्याच बाजूने आहे.

ताज्या नियमांनी उलटा घोळ घातलाय, तोही सांगतो. २०१६ पासून शेपूट जागेवरून ठरतं. १ ते १६ गणांत, म्हणजे उभ्या रकान्यांत, ‘इयम’, १७ व्यात ‘ईन’, १८ व्यात ‘ऑन’. म्हणून ११७ टेनेसीन आणि ११८ ओगानेसॉन. आता ओगानेसॉन अठराव्या गणात बसतं खरं, पण गणितं सांगतात की ते वायू नसून सामान्य तापमानाला घन असण्याची शक्यता बरीच आहे. पडताळणार कसं? हातावर मोजता येतील इतकेच अणू आजवर झालेत आणि तेही मिलिसेकंदाच्या आत फुटतात. लॉकियरने गुणांचा अंदाज करून शेपूट लावलं आणि ते चुकलं. आता गुण न बघता लावतात.

फळा_खडू

आणि ११९ सापडलं तर? मुलं हमखास विचारतात.

साइतामाकर

रिकेनमध्ये त्याचाच प्रयत्न चालू आहे. क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा, ९६ आणि २३. तोवर तात्पुरतं नाव ‘अनअनएनियम’, म्हणजे एक-एक-नऊ. फ्रान्सियमच्या खाली, पहिला गण, शेवटी ‘इयम’. आणि आठवी ओळ सुरू.

फळा_खडू

आमच्या लॅबमधल्या तक्त्यावर अजून ११३ ला ‘अनअनट्रियम’च छापलेलं आहे. त्यावर चिठ्ठी चिकटवून निहोनियम लिहिलंय. आठव्या ओळीला खाली जागाच नाही, तिथे प्रायोजक क्लासची जाहिरात आहे.

उगाचच

जाहिरातीवर चिकटवा, बाई.